परगांवचे हात : किल्लारीस आलेल्या मदतीचा हिशेब

शेतकऱ्यास दुसऱ्याची मदत घेणें वा देणें नवें नाहीं. ज्याच्या दावणीस एकच बैल आहे तो दुसऱ्या तशाच शेतकऱ्याशीं सावड करतो. ज्याची पेरणी मागें राहिली त्याच्या वावरांत गांवचीं औतें एक दिवस फुकट चालतात आणि त्या दिवशीं तो सर्वांस जेवूं घालतो. देशावर व मराठवाड्यांत ह्या चालीस इर्जिक म्हणतात. ह्या दोन्ही चालींत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही कीं देणारा व घेणारा एकमेकांस ओळखतात. कोणाचें कोणतें काम अडलें आहे हें तेथें कोणास सांगावें लागत नाहीं, आणि आज ज्यानें घेतलें तो उद्यां देणार आहे हेंही बोलावें लागत नाहीं. परंतु सबंध गांवच एका रात्रींत जमीनदोस्त झालें म्हणजे ही जुनी व्यवस्था बंद पडते. कारण सावड करणारा शेजारीही त्याच ढिगाऱ्याखालीं असतो. मग जी मदत यावयाची ती परगांवाहून, अनोळखी हातांनीं येते. ती किती आली ह्याची गणती वर्तमानपत्रें करतात. ती शेतकऱ्याच्या कितपत उपयोगीं पडली ह्याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाहीं. तो मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आमच्या नागपूर जिल्ह्यासही हा अनुभव आहे. ३० जुलै १९९१ रोजीं नरखेड तालुक्यांतील मोवाड ह्या लहानशा नगरपालिकेच्या गांवांत वर्धा नदीचें पाणी शिरलें व दोनशेंवर माणसें गेलीं. पुढें त्या गांवाचें पुनर्वसन झालें. परंतु मोवाडचें संकट एका गांवापुरतें होतें. गांवेंच्या गांवें नाहींशीं झालीं असतां बाहेरच्या माणसानें काय करावें व काय करूं नये, हें महाराष्ट्र जें कांहीं शिकला तें मुख्यतः त्यानंतर दोन वर्षांनीं किल्लारीस शिकला. म्हणून येथें किल्लारीचाच विचार केला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्ह्याचा औसा तालुका व तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्याचा उमरगा तालुका ह्यांच्या सीमेवर, तेरणा नदीच्या परिसरांत, जमीन हादरली. गणपतींचें विसर्जन नुकतेंच आटोपलें होतें व लोक उशीरां येऊन निजले होते. भूकंपाचा जोर सुमारें ६.२ होता, जगांतील मोठ्या भूकंपांच्या मानानें हा मध्यम प्रतीचा म्हणावा लागेल. तरी सरकारी गणतीप्रमाणें सुमारें आठ हजार माणसें मेलीं, आणि दुसरे अंदाज त्याहून मोठे आहेत. पंधरा हजारांवर जनावरें दगावलीं. किल्लारी, तळणी, मंगरूळ, गुबाळ, सास्तूर, होळी, राजेगांव, पेठसांगवी अशीं बावन्न गांवें इतकीं मोडलीं कीं तीं जुन्या जागीं पुन्हां बांधूं नयेत असें ठरलें. आदल्या वर्षीं, १९९२ च्या ऑगस्टपासून, किल्लारीस लहानमोठे धक्के बसत होते व ऑक्टोबरांत एक बराच जोराचा बसला होता. लोक घाबरले होते. परंतु दख्खनचें पठार अचल आहे ही समजूत तेव्हां विद्वानांचीही होती, तेथें गांवकऱ्यांस काय बोल लावावा?

इतकी माणसें कां मेलीं ह्याचें उत्तर घरांच्या बांधणींत आहे, व तें आमच्या वाचकांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. त्या मुलुखांत दगड विपुल आणि चुना महाग. म्हणून दोन्ही अंगांस गोटे रचून मध्यें मातीची व खडीची भर घालावयाची, अशा दोन दोन, तीन तीन फूट, क्वचित् त्याहूनही रुंद भिंती असत. वर लांकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर फूट-दीड फूट मातीचा थर. हेंच माळवद, आमच्याकडे ज्यास धाबें म्हणतात त्याच जातीचें. उन्हाळ्यांत ह्या घरासारखें सुख दुसऱ्या घरांत नाहीं. परंतु गळती थांबविण्यासाठीं पावसाळ्यापूर्वीं वर नवी माती टाकावयाची आणि जुनी कोणीच काढावयाची नाहीं, ह्या रिवाजानें पिढ्यान् पिढ्या डोक्यावरचें ओझें वाढत गेलें. भिंतीचे दोन पदर एकमेकांस बांधणारा आरपार दगड फारसा कोठें नव्हता. धक्का बसतांच दोन्ही पदर सुटले व आंतील माती-दगड निजलेल्या माणसांवर आला. पुष्कळ ठिकाणीं लांकडी खांब व तुळयांचा सांगाडा उभाच राहिला आणि भिंती तेवढ्या कोसळल्या. श्रीमंताचा वाडा व गरिबाचें घर ह्यांत येथें फरक पडला नाहीं. किंबहुना ज्याची भिंत अधिक जाड त्याच्यावर दगड अधिक.

पहिले दिवस

पहिले मदतनीस शेजारच्या गांवांचे शेतकरीच होते. टिकाव, फावडें, पहार हीं हत्यारें त्यांच्याजवळ होतीं, आणि कोणत्या घरांत माणसें कोठें निजतात हें त्यांस ठाऊक होतें. दबलेल्या माणसाचे पहिले कांहीं तासच मोलाचे असतात, व ते तास नेहमीं शेजाऱ्याच्या वांट्यास येतात. दूरच्या माणसाच्या वांट्यास ते येऊंच शकत नाहींत. त्यानंतर सरकारी अधिकारी, सैन्य, सोलापूर व लातूर येथील डॉक्टर, विद्यार्थी, संस्थांचे स्वयंसेवक असे एकामागून एक आले. जखमींस सोलापूरच्या दवाखान्यांत नेलें. आसपासच्या गांवांतून भाकऱ्यांचीं गांठोडीं आलीं. मध्येंच पाऊस लागला. प्रेतें इतकीं होतीं कीं एकेक दहन करणें अशक्य झालें. पडलेल्या घरांचीं तुळयां-फळ्यांचीं लांकडें काढून त्यांवर एकत्र अग्नि द्यावा लागला.

ह्या दिवसांत जे झटले त्यांचें ऋण कोणी नाकारणार नाहीं. परंतु त्याच दिवसांत बघ्यांचीही रीघ लागली. वाहनांनीं रस्ते अडले, व पोलिसांस आणि सैन्यास ढिगारे उपसण्याचें सोडून गर्दी आवरावी लागली. शहरांतून जुने कपडे इतके आले कीं ते कोणी घेईना व त्यांचे ढीग पडून राहिले. देणाऱ्याचा हेतु वाईट होता असें नाहीं. परंतु घरांत जें नकोसें झालें तें देणें आणि दुसऱ्यास जें हवें तें देणें ह्यांत जें अंतर आहे तें किल्लारीच्या रस्त्यावर उघड्या डोळ्यांनीं दिसत होतें.

शेतकऱ्यास त्या घटकेस काय हवें होतें? पंचांग पाहिलें म्हणजे उत्तर मिळतें. हस्त नक्षत्र नुकतेंच लागलें होतें. खरिपाची ज्वारी कणसांत होती. रब्बीच्या ज्वारीच्या पेरणीचे तेच दिवस. ज्याचीं माणसें गेलीं त्याच्या शेतांत पीक उभें होतें, आणि पीक सुतक पाळीत नाहीं. ज्याचे बैल दावणींतच मेले त्यास औत नव्हतें. बीं घरांतील कणगींत होतें व कणगी दगडांखालीं होती. दुसऱ्या आठवड्यांत त्यास जर कोणी एक बैलजोडी चार दिवस उसनी दिली असती, पायली दोन पायली बीं दिलें असतें, किंवा राखणीस दोन माणसें दिलीं असतीं, तर तें शंभर जुन्या धोतरांपेक्षां अधिक होतें. मदतीच्या याद्यांत तांदूळ, चादरी, भांडीं, औषधें हीं असतात. बीं, कडबा, पेंड व औत हीं क्वचितच असतात, कारण याद्या करणारे बहुधा शहरांतील असतात. शेतकऱ्यांच्या संस्थांचें खरें काम येथेंच आहे असें आम्हांस वाटतें. आपली मदत कोणत्या नक्षत्रांत पोंचणार आहे, हें विचारण्याची बुद्धि शेतकऱ्यासच सुचावयाची.

रोख पैशाविषयींही दोन शब्द लिहिणें भाग आहे. मेलेल्या माणसांबद्दल सरकारनें त्यांच्या वारसांस रकमा दिल्या, आणि त्या द्यावयासच हव्या होत्या. परंतु उद्योग बंद, घर नाहीं, शेतावर मन लागत नाहीं, आणि हातांत एकदम पैसा, अशा स्थितींत कित्येकांस दारूनें गांठलें, ही तक्रार त्या काळीं सर्वत्र ऐकूं येत होती. पोरक्या मुलाच्या वांट्याच्या रकमेवर व जमिनीवर किती चुलत्यामामांचें प्रेम एकाएकीं उतूं जातें, हें ज्यांनीं तलाठ्याच्या दप्तरांतील वारसाचे फेरफार पाहिले आहेत त्यांस निराळें सांगावयास नको.

मुलांची व्यवस्था

मुलांच्या बाबतींत मात्र परगांवच्या माणसांनीं फार मोठें काम केलें. भारतीय जैन संघटनेचे श्री. शांतिलाल मुथ्था ह्यांनीं भूकंपग्रस्त गांवांतील सुमारें बाराशें मुलें पुण्यास नेऊन त्यांच्या राहण्याची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. एखादा महिना खाऊपिऊं घालणें सोपें आहे; बाराशें मुलें वाढविणें हें वर्षानुवर्षांचें काम आहे, आणि तें त्यांनीं अंगावर घेतलें. दुसरा मार्ग राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनीं धरला. श्री. पन्नालाल सुराणा ह्यांच्या पुढाकारानें नळदुर्गाजवळ 'आपलं घर' ही संस्था निघाली व पोरक्या मुलांस त्यांच्याच मुलुखांत आसरा मिळाला. पहिल्या मार्गांत मुलांस मोठ्या शहराच्या शाळा मिळाल्या. दुसऱ्यांत त्यांचा आपल्या भाषेशीं, शिवाराशीं व नातेवाईकांशीं संबंध राहिला. कोणता मार्ग चांगला ह्याचा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. ज्या मुलाची जमीन गांवीं आहे त्यानें गांवाच्या जवळ वाढावें, असा आमचा स्वतःचा कल आहे.

दत्तक गांवें

तात्पुरत्या पत्र्याच्या निवाऱ्यांत लोकांनीं हिंवाळा काढला, उन्हाळा काढला, आणि पुष्कळांनीं असे दोन दोन उन्हाळे काढले. पत्र्याखालीं मराठवाड्यांतला उन्हाळा म्हणजे काय हें माळवदाखालीं जन्म काढलेल्या माणसांस नवेंच कळलें. तोंपर्यंत नव्या गांवांची आंखणी चालली होती. सरकारनें जागतिक बँकेचें कर्ज घेतलें व १९९४ पासून भूकंप पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला. त्याबरोबरच देशांतील अनेक संस्था, वृत्तपत्रें, उद्योगपति व धार्मिक मंडळें ह्यांनीं एकेक गांव बांधून देण्याचें पत्करलें. केरळांतील मल्याळ मनोरमा ह्या वृत्तपत्रानें आपल्या वाचकांच्या देणग्यांतून बाणेगांव उभें केलें. ज्यांनीं मराठवाडा नकाशांतही पाहिला नसेल अशा मल्याळी वाचकांनीं तेरणेकांठच्या शेतकऱ्यासाठीं पैसे काढून द्यावेत, ही गोष्ट लहान नव्हे.

अशा गांवांस 'दत्तक गांव' म्हणण्याची रीत पडली. हा शब्द आम्हांस रुचत नाहीं. ज्याची जमीन आहे, ज्याचा सात-बारा आहे, जो कालपर्यंत दुसऱ्यास धान्य पुरवीत होता, त्यास दत्तक कसा घ्यावयाचा? शब्दाचा दोष शब्दापुरताच राहता तर लिहिलेंही नसतें. परंतु दत्तक घेणारा घर आपल्या मनाप्रमाणें बांधतो आणि दत्तक गेलेल्यानें तें मुकाट्यानें घ्यावें अशी अपेक्षा धरतो. तेंच येथें पुष्कळ ठिकाणीं झालें. गुबाळ येथें घुमटाकार घरें बांधलीं गेलीं. भूकंपास घुमट चांगला टिकतो, हें शास्त्र खरें. पण गोल भिंतीस कणगी कशी टेंकवावी, वर वाळवण कोठें घालावें, आणि मुलाचें लग्न झाल्यावर एक खण पुढें कसा काढावा, हे प्रश्न शास्त्रानें विचारले नव्हते. इतरत्र चौकोनी घरें झालीं, पण सरळ रेषांत, शहरांतील वसाहतीसारखीं. जुनें गांवठाण आटोपशीर असे; गल्लीबोळांतून भाऊबंद शेजारीं शेजारीं रहात, पारावर सावली असे, विहीर हाकेवर असे. नवें गांव कित्येक पट पसरलें. पाण्याचे नळ, दिव्यांचे खांब, रस्ते, सर्वांची लांबी वाढली, आणि तीं सांभाळण्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या गळ्यांत आला.

घराचें माप ठरविण्याची पद्धति तर आमच्या वाचकांनीं अवश्य जाणून घ्यावी. ज्यास जमीन नाहीं किंवा एक हेक्टरपर्यंत आहे त्यास २५० चौरस फुटांचें घर. एक ते सात हेक्टरवाल्यास ४०० चौरस फुटांचें. त्याहून अधिक असणाऱ्यास ७५० चौरस फुटांचें. म्हणजे उताऱ्यावरच्या आंकड्यावरून छप्पर ठरलें. ह्या नियमाच्या बाजूनें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. ज्या मजुरास व बलुतेदारास पूर्वीं दुसऱ्याच्या जागेंत खोपटें घालून रहावें लागत असे, त्यास आयुष्यांत प्रथमच स्वतःच्या नांवाचें पक्कें घर मिळालें. जमीनवाल्यांनीं ह्याबद्दल कुरकुर करूं नये. परंतु वीस एकरांच्या एकत्र कुटुंबांत तीन भाऊ, त्यांच्या बायका, मुलें व म्हातारी आई असेल तर ७५० फुटांत तें कसें मावावें? शिवाय एकाच मापाचीं घरें एकाच ओळींत बांधणें ठेकेदारास सोयीचें असल्यामुळें लहान घरांची आळी निराळी व मोठ्या घरांची निराळी झाली, आणि सख्खे भाऊ गांवाच्या दोन टोकांस गेले.

आणि बैल? मराठवाड्यांतील जुन्या घरांत दारांतून आंत गेलें कीं प्रथम जनावरांची जागा, मग माणसांची. रात्रीं बैलानें मान हलविली तरी धन्यास जाग येई. नव्या घरास दोन खोल्या, स्वैपाकाची जागा व संडास. बैल, कडबा, नांगर, कुळव ह्यांचा नकाशांत पत्ता नव्हता. शेतकऱ्याचें घर हें निजण्याचें ठिकाण तर आहेच, पण तें त्याचें कोठार, गोठा व कारखानाही आहे, हें नकाशा काढणाऱ्यास कोणी सांगितलें नाहीं. लोकांनीं मग आपल्या परीनें उपाय केले. जुन्या घरांचीं लांकडें आणि सरकारी पत्रे घेऊन नव्या घरास टेंकून पडव्या काढल्या. संडासांत गोवऱ्या व सरपण ठेवलें. कित्येकांनीं जनावरें शेतावरच बांधण्यास आरंभ केला. पुष्कळ जण कित्येक महिने नव्या घरांत निजतच नसत. सामान आंत ठेवून आपण बाहेर पडवींत निजत, कारण डोक्यावर जड छप्पर आलें कीं झोंप उडे.

नवीं गांवें बसविण्यास शेतजमीनच घ्यावी लागली, आणि ह्यांत एक गोष्ट अशी झाली कीं तिचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. ज्या काळ्या जमिनींत ज्वारी उत्तम येते ती घरास अत्यंत वाईट. पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत हातहात भेगा पडतात, व हलका पाया असेल तर भिंती तडकतात. म्हणून जेथें काळवट होती तेथें पाये खोल न्यावे लागले व पैसा जमिनींतच गडप झाला. आमच्या वाडवडिलांनीं गांवठाणें बहुधा पांढरीवर बसविलीं, तीं उगीच नव्हेत. काळी पिकास व पांढरी वस्तीस, ही वांटणी शेंकडों वर्षांच्या अनुभवानें झालेली आहे. ज्यास आपलें घर वा गोठा काळ्या रानांत बांधावयाचा असेल त्यानें पायाचा खर्च प्रथम मोजावा.

ज्यांनीं आपलीं घरें आपण बांधलीं

बावन्न गांवांची हकीकत लिहितांना एक गोष्ट नेहमीं मागें पडते. घरें पूर्ण पडलीं नव्हतीं, पण तडकलीं होतीं, अशीं गांवें तेरा जिल्ह्यांत पसरलीं होतीं, व तेथील सुमारें दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती करावयाची होती. इतकीं घरें ठेकेदार बांधूं शकत नाहीं. म्हणून सरकारनें पैसा हप्त्याहप्त्यानें मालकाच्या बँकेंतील खात्यावर घालावा व मालकानें स्वतः गवंडी लावून काम करून घ्यावें, असें ठरलें. आमच्या मतें सगळ्या कार्यक्रमांत हाच भाग सर्वांत शहाणपणाचा.

काम तसें साधें होतें. माळवदावरची जास्तीची माती काढून ओझें कमी करावयाचें. भिंतीच्या दोन पदरांस धरणारे आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे ठराविक अंतरावर बसवावयाचे. कोपरे एकमेकांस बांधावयाचे. दारांच्या माथ्यावर घराच्या सभोंवार काँक्रीटची सलग पट्टी फिरवावयाची. खांब व तुळई ह्यांच्या सांध्यास तिरकस लांकडें ठोकावयाचीं. ज्या वाचकांचीं घरें दगड-मातीचीं आहेत त्यांनीं हीं पांच कामें आपल्या गवंड्यास दाखवावीं. भूकंप होवो वा न होवो, त्या घरास अतिवृष्टीचाही धोका कमी होईल.

परंतु हें काम लोकांनीं आपणहून करावें कसें? माती काढली तर घर तापेल, भिंतीस भोंक पाडलें तर ती अधिक कमजोर होईल, अशी लोकांची समजूत. आणि तरुण अभियंता सांगतो त्यावर गांवचा जुना गवंडी हंसतो. ह्या अडचणींत मुंबईच्या प्रेमा गोपालन ह्यांची स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था पुढें आली. तिनें गांवोगांवच्या स्त्रियांस हाताशीं धरलें. त्यांस 'संवाद सहायक' असें नांव दिलें व मजबुतीच्या पद्धति, हप्त्यांचे नियम, सिमेंट-वाळूचें प्रमाण हें सर्व शिकवून लोक व सरकार ह्यांच्यामध्यें उभें केलें. हजारावर गांवांत हें काम चाललें. स्त्रियांचीच योजना कां? कारण घर पडलें तेव्हां आंत त्या व त्यांचीं मुलें होतीं, आणि नव्या भिंतीखालीं निजावयाचें होतें तेंही त्यांसच. कोणत्या घरचा हप्ता अडला, कोणाचें सिमेंट दुसरीकडे गेलें, कोणाच्या भिंतींत आरपार दगड न बसवितांच गिलावा झाला, ह्या गोष्टी पाणवठ्यावर जितक्या लवकर कळतात तितक्या कचेरींत कळत नाहींत. ज्या स्त्रिया पूर्वीं पुरुषांच्या बैठकींत येत नसत त्या ओवरसियरास हिशेब विचारूं लागल्या. हें सर्वांस गोड वाटलें असें नाहीं.

येथें बाहेरच्या संस्थेनें एक वीटही स्वतः रचली नाहीं, आणि तरी तिच्या हातून जें झालें तें पुष्कळ बांधून देणाऱ्यांच्या हातून झालें नाहीं. बांधकाम संपल्यावरही ती निघून गेली नाहीं. घरदुरुस्तीच्या निमित्तानें एकत्र आलेल्या स्त्रियांचे बचत गट झाले. आणि पुढें धाराशिव व लातूर जिल्ह्यांत अवर्षणाचीं वर्षें लागलीं तेव्हां त्याच संस्थेनें स्त्रियांच्या एक एकर शेतीचा उपक्रम काढला. कुटुंबाच्या जमिनींतून सुमारें एक एकर घरच्या बाईच्या हातीं द्यावयाचें, आणि तिनें त्यांत ऊस किंवा सोयाबीन न घेतां घरास लागणाऱ्या डाळी, भरड धान्यें व भाज्या, थोड्या पाण्यावर व शेणखतावर घ्यावयाच्या. पाऊस दगा देतो तेव्हां विकण्याचें पीक जातें, पण ह्या एकरांतून घरचें ताट तरी भरतें. ह्या कामास २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिलें जाणारें इक्वेटर पारितोषिक मिळालें. भूकंपाच्या मदतीसाठीं आलेली संस्था वीस वर्षांनीं पीकपद्धतीविषयीं बोलते आहे, ही गोष्ट आम्हांस पारितोषिकापेक्षां मोठी वाटते.

परदेशचें एक उदाहरण

अमेरिकेच्या कॅन्सस प्रांतांत ग्रीन्सबर्ग नांवाचें, पूर्वीं सुमारें दीड हजार वस्तीचें, गव्हाच्या मुलुखांतलें गांव आहे. ४ मे २००७ च्या रात्रीं आकाशांतून सोंडेसारखी खालीं उतरणारी प्रचंड वावटळ, ज्यास तिकडे टोर्नेडो म्हणतात, त्या गांवावरून गेली व शेंकडा ९५ गांव साफ झालें. वेळेवर भोंगा वाजला व लोक तळघरांत गेले म्हणून मनुष्यहानि थोडी झाली. दूरदूरच्या प्रांतांतून स्वयंसेवक आले, मंडप घालून गांवाच्या सभा झाल्या, आणि सार्वजनिक इमारती नव्या पद्धतीनें, वाऱ्याच्या विजेवर चालणाऱ्या अशा बांधाव्या असें ठरलें. त्या इमारती पहावयास पुढें लोक येऊं लागले. परंतु २०१० च्या खानेसुमारींत गांवाची वस्ती जवळजवळ अर्धी निघाली. घर गेलें म्हणून पुष्कळ जण दुसरीकडे गेले ते परत आलेच नाहींत. ज्याची शेती नाहीं त्यास गांवाशीं धरून ठेवणारें दुसरें काय असतें?

किल्लारीच्या मुलुखांत असें झालें नाहीं. लोक गेले ते जुन्या गांवठाणापासून थोड्या अंतरावरच्या नव्या गांवांत, कारण शिवार तेंच होतें. नव्या घरापासून शेत दूर पडलें तरी माणूस पायपीट करीत त्याच बांधावर गेला. जमीन ज्यास धरून ठेवते त्यास परत बोलवावें लागत नाहीं. पण तो कोठेंच जाणार नाहीं ह्या खात्रीनें त्यास कसेंही घर दिलें तरी चालेल असें समजणें हा अन्याय आहे, व तो कांहीं दत्तक गांवांत झाला.

कच्छकडे

२६ जानेवारी २००१ रोजीं गुजराथेंत कच्छचा भूकंप झाला. तो किल्लारीपेक्षां पुष्कळ मोठा. त्या वेळीं लातूर-उस्मानाबादकडील ज्या स्त्रियांनीं आपल्या गांवांत दुरुस्तीचें काम पाहिलें होतें त्यांपैकीं कांहीं कच्छमध्यें गेल्या आणि तेथील स्त्रियांस भेटल्या. सरकारी हप्ते कसे मिळवावे, सामान कसें मोजून घ्यावें, गवंड्यावर नजर कशी ठेवावी, मजबूत भिंत कशी ओळखावी, हें त्यांनीं आपल्या अनुभवावरून सांगितलें. भारतीय जैन संघटनेनेंही तेथें शाळा उभारण्याचें मोठें काम केलें. गुजराथ सरकारनें आरंभीं गांवें हलविण्याचा विचार केला होता. पण बहुतेक गांवांनीं त्यास नकार दिला, आणि अखेर मालकांनींच आपलीं घरें जुन्या जागीं, सरकारी मदत घेऊन, अभियंत्याच्या देखरेखीखालीं बांधावीं हाच मार्ग मुख्यत्वें धरला गेला. बावन्न गांवांनीं जें सोसलें व तेरा जिल्ह्यांनीं जें करून दाखविलें, तें दोन्ही तेथें विचारांत घेतलें गेलें होतें.

२००४ च्या डिसेंबरांत समुद्राची लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आली तेव्हां ह्या मराठवाड्याच्या बायका तेथेंही गेल्या.